अवर्षणप्रवण मुलखातील मातीचा बांध : लहान तलावाची राखण

सोलापूर शहराच्या उत्तरेस आदिला नदीवर असलेला एकरुख तलाव, ज्याला स्थानिक लोक हिप्परगा तलाव म्हणूनच ओळखतात, १८७१ साली पूर्ण झाला. त्याचे धरण मातीचे असून ते सुमारे २१ मीटर उंच आणि सव्वादोन किलोमीटरांहून अधिक लांब आहे. सिंचनासाठी बांधलेल्या या तलावाने पुढे शहराला पिण्याचे पाणी दिले आणि आज तो शहरवासीयांच्या विसाव्याची व पक्षीनिरीक्षणाची जागाही झाला आहे. विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव, म्हणजे आताचा धर्मवीर संभाजी तलाव, आणि भुईकोट किल्ल्यालगतचा सिद्धेश्वर तलाव यांच्याकडेही सोलापूरकर पाणीसाठा म्हणून कमी आणि फिरण्याचे ठिकाण म्हणून अधिक पाहतात. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात हीच भूमिका पाझर तलाव, गावतलाव आणि अलीकडे कृषी पर्यटन केंद्रांनी आपल्या जागेत बांधलेली छोटी तळी पार पाडू लागली आहेत. अशा लहान तलावांचे बांध मोठ्या धरणांइतके अभियंत्यांच्या नजरेखाली नसतात, त्यामुळे त्यांची राखण मुख्यतः ग्रामपंचायत, जागेचा मालक आणि तेथे नित्य जाणारे नागरिक यांच्यावरच येऊन पडते. प्रस्तुत विवेचन या मंडळींसाठी आहे.

मातीचा बांध पाणी अडवतो तो आपल्या वजनाने आणि मातीच्या अपार्यतेने, म्हणजे पाणी सहज पार होऊ न देण्याच्या गुणाने. बांधाच्या मध्यभागी चिकण मातीचा गाभा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना मुरूम किंवा मुरूममिश्रित मातीचे कवच असते. गाभा पाणी रोखतो, कवच गाभ्याला आधार देते. पाण्याकडील उतारावर लाटांचा मारा सोसण्यासाठी दगडांचे अस्तर रचलेले असते, ज्याला बांधकामाच्या व्यवहारात पिचिंग म्हणतात. बांध कितीही चांगला असला तरी थोडे पाणी त्यातून झिरपतेच, म्हणून हे पाणी मातीचे कण बरोबर न घेता सुखरूप बाहेर पडावे यासाठी कोरड्या बाजूच्या पायथ्याशी वाळू व खडी यांचा गाळणथर आणि त्याला जोडलेली पायथ्याची नाली असते. पाणी नेहमीच्या पातळीच्या वर गेल्यास ते बांधावरून न जाता एका बाजूने वाहून जावे यासाठी सांडवा ठेवलेला असतो, तर हवे तेव्हा पाणी सोडण्यासाठी बांधाच्या पोटातून मोरी काढलेली असते. पुराच्या वेळची सर्वोच्च पाणीपातळी आणि बांधाचा माथा यांतील अंतरास मुक्तांतर म्हणतात. लहान बांधांनाही ते किमान एक मीटर किंवा त्याहून अधिक असावे, कारण माती ओसंडणारे पाणी सहन करू शकत नाही. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेले तर तो बहुधा टिकतो, पण मातीच्या बांधावरून काही काळ पाणी वाहिले तर तो कापला जातो.

सोलापूरच्या बाबतीत एक गोष्ट इतर सर्व सूचनांच्या आधी सांगितली पाहिजे, ती अशी की येथील बांधांना पाण्याइतकाच कोरडेपणाचा धोका आहे. जिल्हा पर्जन्यछायेत येतो, पाऊस थोडा आणि बेभरवशाचा असतो, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो. जून ते ऑगस्ट या काळात अनेक तलाव अर्धेअधिक रिकामेच राहतात, काही सलग दोन-तीन वर्षे तळ दाखवतात, आणि मग बंगालच्या उपसागरातून आलेल्या एखाद्या कमी दाबाच्या पट्ट्याने काही तासांत ओढे भरभरून वाहू लागतात. १४ व १५ ऑक्टोबर २०२० रोजी जिल्ह्याने हेच अनुभवले. जिल्ह्यातील काळी माती मॉन्टमोरिलोनाइट या चिकणखनिजाने समृद्ध असल्यामुळे ओली असता फुगते आणि वाळली असता आकसून भेगाळते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या हातभर खोल भेगा प्रत्येकाने पाहिलेल्या असतात. त्याच मातीचा बांध केलेला असेल, वरचे मुरमाचे आच्छादन वाहून गेले असेल आणि तलाव दीर्घकाळ कोरडा असेल, तर तशाच भेगा बांधाच्या माथ्यातही पडतात. सप्टेंबरच्या एका रात्रीत पाणी त्या भेगांच्या पातळीला पोचते, तेव्हा फुगून भेगा मिटायला मातीला वेळच मिळत नाही. वर्षानुवर्षे भरलेला राहणारा तलाव ज्या पाण्याला शांतपणे थोपवून धरतो, त्याच पाण्याने दुष्काळानंतर प्रथमच भरणारा तलाव धोक्यात येऊ शकतो. म्हणून सलग अवर्षणानंतरचे पहिले भरणे ही नव्या धरणाच्या पहिल्या भरण्याइतकीच जोखमीची घटना मानून त्या काळात बांधावर दिवसरात्र लक्ष ठेवावे.

यावरून पाहणीचा योग्य काळ आपोआप ठरतो. पहिली पाहणी मे महिन्याच्या अखेरीस, माती सर्वांत कोरडी असताना करावी, दुसरी ऑगस्टच्या शेवटी, म्हणजे मोठा पाऊस येण्यापूर्वी, आणि तिसरी पाऊस सरल्यावर तलाव भरलेला असताना. मेमधील पाहणीत माथ्यावरून सावकाश चालत भेगांची दिशा पाहावी, कारण भेगेच्या रुंदीपेक्षा तिची दिशा अधिक सांगते. बांधाच्या लांबीला समांतर असलेली बारीक भेग बहुधा वाळण्यामुळे पडलेली असते. तीच भेग कमानीसारखी वळलेली असेल आणि तिच्या एका बाजूची माती खाली बसलेली असेल, तर उतार घसरू लागल्याचे ते चिन्ह असते. सर्वांत घातक भेग म्हणजे बांधाला छेदून पाण्याच्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे जाणारी, कारण तिच्यातून पाण्याला थेट वाट मिळते. वाळण्याने पडलेल्या भेगेवर केवळ माती लोटून ती झाकणे निरुपयोगी, किंबहुना फसवे असते. भेगेच्या लांबीने चर खणून तो भेगेच्या तळाच्या थोडा खालपर्यंत न्यावा, मग तशीच चिकण माती ओलसर करून सुमारे १५ सें.मी. जाडीच्या थरांनी भरावी, प्रत्येक थर धुमसाने चांगला ठोकावा आणि शेवटी पुन्हा वाळू नये म्हणून वर मुरमाचा थर द्यावा. आडव्या छेदणाऱ्या आणि कमानदार भेगांना मात्र स्वतः हात न लावता जाणकार अभियंत्यास बोलवावे आणि तोवर तलावाची पातळी वाढू देऊ नये.

सांडव्याविषयी विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण विरंगुळ्याच्या तलावांत सर्वाधिक छेडछाड त्याच्याशीच होते. अधिक पाणी साठावे म्हणून सांडव्याच्या तोंडावर वाळूच्या गोण्या किंवा फळ्या लावणे, मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी बसवणे, जाण्यायेण्याच्या सोयीसाठी त्यावर लहान नळ्यांचा पूल टाकणे, आणि सांडवा वर्षातून फारच कमी वेळा वाहतो म्हणून त्याच्या पात्रात टपरी किंवा वाहनतळ मांडणे हे प्रकार ठिकठिकाणी दिसतात. याचा परिणाम किती भीषण होऊ शकतो हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील साऊथ फोर्क धरणाने दाखवून दिले. हा मातीचा बांध धनिकांच्या एका मासेमारी व शिकार मंडळाच्या ताब्यात होता आणि त्यामागचा तलाव केवळ करमणुकीसाठी राखलेला होता. घोडागाड्या जाण्यासाठी माथा सखल केलेला होता, सांडव्यात मासे अडवणाऱ्या जाळ्या होत्या, आणि तळाशी पाणी सोडण्याचे लोखंडी नळ आधीच्या मालकाच्या काळातच काढले गेले होते व पुन्हा बसवले गेले नव्हते. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत कचऱ्याने जाळ्या तुंबल्या, पाणी बांधावरून वाहू लागले, बांध फुटला आणि खाली वसलेल्या जॉन्सटाऊन शहरात २,२०९ माणसे मृत्युमुखी पडली. त्या मंडळाने केलेले बदल एकेकटे पाहिले तर किरकोळ वाटतात, आणि सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या तलावावर आज होणारे बदलही असेच किरकोळ वाटणारे असतात, म्हणून हे उदाहरण दूरचे असूनही येथे पूर्णपणे लागू पडते. सांडव्याचे तोंड, पात्र आणि त्यापुढे ओढ्यापर्यंतची वाट बारमाही मोकळी ठेवावी. मासे अडवायचेच असतील तर अन्य उपाय शोधावा, सांडव्यात जाळी नको. सांडव्याची पातळी रंगाच्या पट्ट्याने खूण करून ठेवल्यास ती कोणी वाढवली तर लगेच लक्षात येते. माथा वाहनांच्या वर्दळीने मध्येच खचला असल्यास तो भाग भरून समतल करावा, कारण ओसंडणारे पाणी नेमकी ती सखल जागा गाठते.

झिरपणाऱ्या पाण्याबाबत लोकांच्या मनात दोन टोकाच्या समजुती असतात. काही जण पायथ्याशी ओल दिसली की घाबरतात, तर काही जण वर्षानुवर्षे तेथे पाणी असतेच म्हणून दुर्लक्ष करतात. खरा निकष पाण्याच्या केवळ असण्याचा नसून त्याच्या रंगाचा आणि वाढीचा आहे. स्वच्छ आणि स्थिर प्रमाणात येणारा झिरपा बहुधा निरुपद्रवी असतो. गढूळ पाणी म्हणजे बांधाच्या पोटातली माती बाहेर येत आहे, तेथे आत पोकळी वाढत आहे आणि ती पाण्याच्या बाजूकडे मागे मागे सरकत चालली आहे, असा त्याचा अर्थ. तलावाची पातळी तीच असताना झिरपा वाढला, नव्या जागी ओल दिसली, कोरड्या उतारावर एकाच पट्ट्यात गवत हिरवेगार झाले, किंवा पायथ्याशी जमिनीतून बुडबुड्यांसह वाळू वर येऊ लागली, तर विलंब करू नये. झिरपा मोजणे अवघड नाही. पायथ्याच्या नालीत ९० अंशांची त्रिकोणी खाच असलेला पत्रा बसवून त्यातून वाहणाऱ्या पाण्याची उंची पाहता येते. ही उंची ५ सें.मी. असल्यास सेकंदाला सुमारे पाऊण लिटर आणि १० सें.मी. असल्यास सुमारे ४.४ लिटर पाणी वाहत असते, म्हणजे उंची दुप्पट झाली की प्रवाह पाचपटीहून अधिक वाढतो. एवढी व्यवस्था नसेल तर बादली आणि घड्याळ पुरते. मात्र मोजणी दर वेळी त्याच जागी व्हावी आणि शेजारी तलावाची पातळीही नोंदवावी.

गढूळ पाणी दिसताच बाहेरच्या तोंडावर चिकण माती किंवा सिमेंट दाबून ते बंद करण्याचा मोह होतो, पण असे केल्याने आत दाब साचतो आणि पाणी दुसरीकडून, अधिक जोराने फुटते. योग्य मार्ग म्हणजे पाणी येऊ द्यावे पण माती अडवावी. त्यासाठी त्या जागेवर आधी जाड वाळू, त्यावर बारीक खडी आणि त्यावर मोठी खडी असा थर द्यावा. वाळू उसळत असल्यास तिच्याभोवती गोण्यांचे कडे रचून आतली पाणीपातळी थोडी वाढू द्यावी, म्हणजे दाबातील फरक कमी होतो. वाळू व खडीचा लहानसा साठा पावसाळ्यापूर्वी बांधाजवळ ठेवलेला असेल तरच हे वेळेत शक्य होते.

बांधावरची झाडे सुंदर दिसतात आणि फिरणाऱ्यांना सावली देतात, त्यामुळे ती काढा असे सांगणे अप्रिय ठरते, तरीही ते सांगणे भाग आहे. सोलापूर परिसरात वेडी बाभूळ कोणतीही काळजी न घेता बांधावर फोफावते, आणि तिची खोलवर जाणारी मुळे मेल्यावर कुजून नळीसारखी वाट ठेवतात. पिचिंगच्या दगडांत वड-पिंपळाची रोपे उगवून दगड उचलतात. झुडपे दाट झाली की भेगा, बिळे व ओल दिसेनाशी होतात, आणि देखभालीच्या दृष्टीने हे नुकसान सर्वांत मोठे आहे. माथा, दोन्ही उतार आणि पायथ्यापासून पुढे किमान पाच-सहा मीटरांचा पट्टा वृक्षविरहित ठेवून त्यावर हरळीसारखे आखूड, दाट मुळांचे गवत राखावे. रोपे लहान असतानाच उपटावीत. मोठे झालेले झाड तोडून बुंधा तसाच सोडणे धोक्याचे असल्याने मुळांसह काढून खड्डा थराथराने भरण्याचे काम तलाव रिकामा असताना आणि तांत्रिक सल्ल्यानेच करावे. सावलीची झाडे तलावाच्या इतर काठांवर, बांधापासून दूर लावावीत. तेथे लिंब, चिंच, करंज यांना भरपूर जागा असते.

घुशी, उंदीर, साळिंदर आणि खेकडे यांच्या बिळांचाही येथेच विचार करावा. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे येथील मातीचे धरण फुटून वीसहून अधिक लोकांचा बळी गेला, त्यानंतर खेकड्यांची चर्चा राज्यभर झाली. गावकऱ्यांनी धरणाच्या गळतीची तक्रार आधी केलेली होती, ही गोष्ट त्या चर्चेत मागे पडली. बिळे मातीच्या प्रत्येक बांधात होतात. ती वेळेवर शोधून शेवटपर्यंत खणून ठोकून भरणे ही देखभाल आहे, आणि ती झाली नाही तर दोष प्राण्यांवर टाकता येत नाही.

मोरी हा बांधातील सर्वांत नाजूक भाग, कारण माती आणि काँक्रीट यांच्या सांध्यालगत पाणी वाट काढते. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेल्या पानशेतच्या मातीच्या धरणात अपूर्ण राहिलेल्या मोरीवरचा भराव खचत गेला होता. लहान तलावावर याचा बोध असा की बांधाच्या पोटातून नवा पाइप, केबल किंवा कारंज्याची जलवाहिनी कदापि नेऊ नये, आणि शेतीसाठी पाणी उचलायचे असल्यास नळ माथ्यावरून न्यावा. दिव्यांचे खांब, कठड्यांचे पाये, झोपाळ्यांचे खड्डे हेही माथ्यावर नकोत. मोरीचे दार वर्षातून दोनदा उघडून-मिटून पाहावे. पाणी कमी करण्याची वेळ आलीच तर ते हळूहळू सोडावे, कारण पातळी झपाट्याने उतरल्यास उतारातील ओली, जड माती पाण्याचा आधार गमावून घसरते.

गाळ काढण्याच्या कामास अलीकडे बरीच चालना मिळाली आहे आणि ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना कोरड्या पडलेल्या तलावांसाठी उपकारकच आहे. तरीही यंत्राचा चालक सोयीचा म्हणून बांधालगतचा गाळ आधी उचलतो, आणि तेथेच चूक होते. बांधाच्या पायथ्याशी साचलेला चिकण गाळ पाण्याला खाली झिरपू देत नाही, तो अस्तराचे काम करतो. तो काढून खालचा मुरूम उघडा पाडल्यास बांधाखालून गळती सुरू होऊ शकते. म्हणून बांधापासून पुरेसे अंतर आधी चुन्याने आखून घ्यावे व त्याच्या आत यंत्र येऊ देऊ नये. उरलेल्या भागातही उभ्या कडांचे खोल खड्डे न ठेवता तळ एकसारखा उतरता करावा. पाणी भरल्यावर हे खड्डे दिसत नाहीत आणि पोहायला उतरलेली मुले बहुतेक अशाच ठिकाणी बुडतात.

तलावावर येणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी सांडवा, मोरीची विहीर आणि पिचिंगचा निसरडा उतार ही तीन ठिकाणे कुंपणाने बंद करावीत, पाण्यात उतरण्यासाठी एकच सपाट, उथळ घाट ठेवावा, आणि दोर, हवा भरलेली ट्यूब व लांब बांबू सर्वांना दिसतील अशा जागी असावेत. नौकाविहार असल्यास तरंगजाकीट प्रत्येकासाठी सक्तीचे असावे. मूर्ती विसर्जनासाठी वेगळा हौद बांधणे पाण्याच्या आणि पिचिंगच्याही हिताचे ठरते, कारण गर्दीच्या पायांनी व मूर्तीच्या गाड्यांनी दगड सुटतात. सांडपाणी तलावात शिरले की जलपर्णी वाढते, हे संभाजी तलावाने सोलापूरकरांना वारंवार दाखवले आहे. हीच जलपर्णी पुरात वाहत येऊन सांडव्यात अडकते, त्यामुळे तिचा प्रश्न सौंदर्यापुरता मर्यादित राहत नाही. हिवाळ्यात येणाऱ्या बदकांसाठी व पाणथळीच्या इतर पक्ष्यांसाठी तलावाचा उथळ, शेपटीकडचा भाग गर्दीपासून मुक्त ठेवावा. बांधापासून तो दूर असल्याने देखभाल आणि पक्षी यांचा तेथे संघर्ष होत नाही.

बांधाखालच्या बाजूस काय आहे, याचा विचार तलावाइतकाच महत्त्वाचा आहे. ओढा वर्षातील बहुतेक काळ कोरडा असल्याने त्याच्या पात्रात घरे, गोठे आणि दुकाने हळूहळू सरकत येतात, आणि ज्या बांधाच्या फुटीने पूर्वी केवळ पीक गेले असते त्याच बांधाखाली आज माणसे राहत असतात. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा कायदा १५ मीटरांहून उंच धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या, पण लांबी किमान ५०० मीटर किंवा साठा किमान १० लाख घनमीटर यांसारख्या अटींपैकी एखादी पूर्ण करणाऱ्या धरणांना लागू होतो. नाशिक येथील धरण सुरक्षितता संघटनेचे लक्षही स्वाभाविकपणे मोठ्या प्रकल्पांकडे असते. सात-आठ मीटरांचा गावतलाव या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. त्यामुळे आपला तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे, मृद व जलसंधारण विभागाकडे, जलसंपदा विभागाकडे की खाजगी मालकाकडे आहे, हे ग्रामपंचायतीने कागदपत्रांसह निश्चित करून ठेवावे. मालकी संदिग्ध असली की संकटकाळी तक्रार नेमकी कोणाकडे करावी हेच कळत नाही.

प्रत्येक तलावासाठी एक नोंदवही असावी व तिच्यात तारीख, पाणीपातळी, झिरप्याचे मोजमाप, भेगा, बिळे आणि काढलेली छायाचित्रे यांची नोंद व्हावी. पाहणी करणारी व्यक्ती बदलली तरी माथ्यावर ठराविक अंतरावर रोवलेल्या दगडांचे क्रमांक तेच राहिल्यास जुन्या व नव्या नोंदी जुळवता येतात. बांधाच्या खाली राहणाऱ्या कुटुंबांची यादी, त्यांना सावध करण्यासाठी मंदिराचा वा मशिदीचा ध्वनिक्षेपक वापरण्याची पूर्वपरवानगी आणि उंचावरील आश्रयस्थानाचा मार्ग याच वहीत लिहावा. गढूळ झिरपा झपाट्याने वाढत असेल, उतार खचत असेल किंवा पाणी माथ्याच्या जवळ आले असेल, तर दुरुस्ती सुरू करण्याच्या आधी या कुटुंबांना हलवावे आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर वा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. त्यानंतरच बांधावर माणसे पाठवावीत, तीही कमरेला दोर बांधून आणि प्रकाशाची सोय करून.